लाइव्ह मायग्रेशननंतर लिबक्रिप्टो 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' देऊन पडतंय. तिन्ही सर्व्हर तर एकाच मॉडेलचे आहेत

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ६.४०)

मंडळी, रात्रभर जागा आहे, त्यामुळे लिहिण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे केव्हीएमचा (लिनक्समधला हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, आभासी मशीन, चालवणारा) तीन नोडचा क्लस्टर आहे. वर लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं साधन), खाली सामायिक स्टोरेज. जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांचं काम या तीन पेट्यांवर चालतं. तिन्ही सर्व्हर एकाच खरेदीतले, प्रोसेसरचं मॉडेल एकच, रॅम सारखी. पहिल्या नोडच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या, म्हणून काल रात्री त्यावरचे व्हीएम एकेक करून तिसऱ्या नोडवर लाइव्ह मायग्रेट करायला (बंद न करता, चालू असतानाच हलवायला) घेतले. मायग्रेशन झकास झालं. एकही एरर नाही, पिंगचं एखादंच पाकीट हरवलं.

मग दोनेक मिनिटांत वेबचा व्हीएम गेला. म्हणजे व्हीएम चालू, पण एचटीटीपीएस बंद. एन्जिनेक्सच्या (आमचा वेब सर्व्हर) लॉगमध्ये ओळीमागून ओळ: वर्कर प्रोसेस अमुक सिग्नल ४ ने बाहेर पडली, कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची नक्कल) झाला. नवा वर्कर उठतो, पहिली जोडणी येते, तो पडतो. सेकंदाला तीन-चार वेळा. कर्नल लॉगमध्ये 'ट्रॅप इन्व्हॅलिड ओपकोड' आणि ओळीच्या शेवटी लिबक्रिप्टोचं, म्हणजे ओपनएसएसएलच्या एन्क्रिप्शन करणाऱ्या लायब्ररीचं नाव.

डेटाबेसच्या व्हीएमवर त्याहून वाईट. पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस सिग्नल ४ ने मेली की पोस्टमास्टर (तिची मुख्य प्रोसेस) बाकी सगळ्या बॅकएंड बंद करून रिकव्हरीला लागतो. रिकव्हरी संपते, अॅप पुन्हा टीएलएसने (एन्क्रिप्टेड जोडणीने) जोडायला येतं, पुन्हा तेच. अकरा वेळा मोजलं आणि मग मोजणं सोडलं.

गोंधळात टाकणाऱ्या दोन गोष्टी. माझं एसएसएचचं जुनं सेशन शेवटपर्यंत टिकून होतं, नवीन लॉगिनही होत होतं. आणि मॉनिटरिंगचा एजंट एकदाच पडला, सिस्टमडीने (सर्व्हिस चालू ठेवणारा) उठवला, मग व्यवस्थित चालला. म्हणजे सगळंच मोडलंय असंही नाही.

एन्जिनेक्स रीलोड केलं, काही फरक नाही. शेवटी सगळे व्हीएम परत पहिल्या नोडवर आणले आणि क्रॅश त्याच क्षणी थांबले, काहीही रीस्टार्ट न करता. बॅटऱ्यांचं काम राहिलं ते राहिलंच.

उबुंटू २२.०४, ओपनएसएसएल ३.०.२, पोस्टग्रेस १४. व्हीएमचा सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू (खालच्या सर्व्हरचा प्रोसेसर जसाच्या तसा व्हीएमला). सगळे 'लायब्ररी अपडेट करा' म्हणताहेत. मला पटत नाहीये. कुणी पाहिलंय का असं?

रात्रपाळी (सकाळी ७.५५)

ओपनएसएसएलमध्ये २०२२ साली एव्हीएक्स-५१२ (एकदम मोठ्या डेटावर काम करणाऱ्या सूचना) असलेल्या प्रोसेसरवर आरएसए करताना मेमरी बिघडवणारा दोष होता ना? सुरक्षादोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२२७४. तो तर नसेल? तसं असेल तर अपडेटनेच सुटेल.

बिटवाचक (सकाळी ८.२०)

रात्रपाळी, तो दोष फक्त ३.०.४ या आवृत्तीत शिरला होता आणि ३.०.५ मध्ये लगेच काढला. इथे ३.०.२ आहे. शिवाय त्यात हीप (प्रोग्रामची मेमरी) बिघडायचा. तिथे सिग्नल ११ किंवा मेमरीच्या तक्रारी दिसल्या असत्या. सिग्नल ४ चा अर्थ वेगळा: प्रोसेसर म्हणतोय की ही सूचना (इन्स्ट्रक्शन) मला येत नाही.

कृष्णाकाठ, दोन कामं करा, मग बोलू.

एक, कोअर डंप जीडीबी या डीबगरमध्ये उघडा आणि ज्या पत्त्यावर थांबलाय तिथली सूचना बघा. दुसरं, पहिल्या आणि तिसऱ्या होस्टवर (व्हीएममध्ये नाही) प्रॉक-सीपीयूइन्फोमधली फ्लॅग्जची ओळ (प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी) काढा, एका ओळीवर एक शब्द करा, सॉर्ट करा आणि डिफ मारा. व्हीएमच्या आतली ती फाइल या कामाला अजिबात वापरू नका, का ते नंतर सांगतो.

कृष्णाकाठ (सकाळी ११.१०)

केलं. हात थंड पडलेत.

कोअरमध्ये थांबलेली सूचना: एईएस-एन्क (एईएस एन्क्रिप्शनसाठीची प्रोसेसरमधली खास सूचना). बाइट्स ६६, ०एफ, ३८, डीसी. फंक्शनच्या नावाची सुरुवात एईएसएनआय अशी. पोस्टग्रेसच्या कोअरमध्येही तेच.

आणि डिफमध्ये: पहिल्या नोडवर 'एईएस' हा शब्द आहे, तिसऱ्यावर नाही. तीनदा पाहिलं. एकच मॉडेल, मग एकाला एईएस आहे आणि दुसऱ्याला नाही, हे कसं?

बिटवाचक (दुपारी १२.०५)

तिसऱ्या नोडचा मदरबोर्ड कधी बदललाय का? किंवा बायोस अपडेट, सेटिंग डिफॉल्टवर नेणं, असं काही?

कृष्णाकाठ (दुपारी १२.१२)

हो. पावसाळ्यात बोर्ड गेला होता. वॉरंटीत बदलून मिळाला.

बिटवाचक (दुपारी १.३०)

मग सापडलं. नीट लिहितो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणाला तरी रडवतो आणि दोष दरवेळी बिचाऱ्या लायब्ररीवर जातो.

एईएसच्या सूचना इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये २०१० च्या वेस्टमेअरपासून आहेत, त्यामुळे आपण त्या गृहीतच धरतो. पण त्या बायोसमधून बंद करता येतात. फर्मवेअर सुरू होताना प्रोसेसरच्या एका एमएसआरमध्ये (सेटिंगचं रजिस्टर, क्रमांक सोळा-आधारी १३सी) दोन बिट लिहितं. दोन्ही १ असतील तर पुढच्या रीसेटपर्यंत एईएसच्या सूचना उपलब्ध नाहीत. ऑपरेटिंग सिस्टमला तो निर्णय फिरवता येत नाही. बऱ्याच सर्व्हरच्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या पानावर याची एक ओळ असते. तुमच्या नव्या बोर्डावर ती 'डिसेबल्ड' असणार. जाऊन बघा.

आता क्रॅश का. ओपनएसएसएलमध्ये एकाच कामाचे अनेक अवतार असतात: एईएसच्या खास सूचना वापरणारा, एसएसएसई३ या जुन्या व्हेक्टर सूचनांवर चालणारा, अगदी साधा. कुठला वापरायचा हे लायब्ररी मेमरीत चढतानाच ठरवते. सीपीयूआयडी ही सूचना चालवून प्रोसेसरला काय येतं ते विचारते, उत्तर एका तक्त्यात लिहून ठेवते आणि प्रोसेस मरेपर्यंत त्या तक्त्यावर विसंबते. पुन्हा विचारत नाही. विचारायचं कारणही नाही, कारण चालू प्रोसेसच्या पायाखालचा प्रोसेसर बदलेल अशी कल्पना कुणी करत नाही. लाइव्ह मायग्रेशन नेमकं तेच करतं. मेमरी जशीच्या तशी गेली, त्यातला तक्ता पण गेला, 'एईएस आहे' म्हणणारा. आणि खाली प्रोसेसर आला एईएस नसलेला.

तुमच्या एकेका निरीक्षणाचं उत्तर यातच आहे.

एन्जिनेक्स रीलोडने का सुधारलं नाही? कारण रीलोडमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते. वर्कर तिच्यातून फोर्क होतो (तिची नक्कल निघते), एक्झेक होत नाही (प्रोग्राम नव्याने चढत नाही). जुना तक्ता आईकडून मुलाकडे जसाच्या तसा येतो. मास्टर जिवंत आहे तोवर जन्मणारा प्रत्येक वर्कर तोच तक्ता घेऊन जन्मणार. पोस्टमास्टर आणि त्याच्या बॅकएंडचंही हेच.

नवं एसएसएच लॉगिन का चाललं? ओपनएसएसएचचा डिमन प्रत्येक नव्या जोडणीसाठी स्वतःला पुन्हा एक्झेक करतो. लायब्ररी नव्याने चढते, सीपीयूआयडी नव्याने विचारते. ही सूचना व्हीएममध्ये थेट प्रोसेसरकडे जात नाही, हायपरव्हायझर मध्ये पकडून उत्तर देतो. आणि आता उत्तर तिसऱ्या नोडचा क्यूएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) देतोय. म्हणून नवी प्रोसेस योग्य रस्ता धरते. एजंटही याच कारणाने दुसऱ्यांदा नीट उठला.

तुमचं जुनं सेशन टिकलं, कारण ओपनएसएसएचची पहिली पसंती चाचा२०-पॉली१३०५ या सायफरला (एन्क्रिप्शनच्या पद्धतीला) असते. त्यात एईएसच नाही.

आणि व्हीएमच्या आतली सीपीयूइन्फो का बघू नका म्हटलं? ती गेस्ट कर्नलने बूट होताना भरलेली असते. मायग्रेशननंतरही ती 'एईएस आहे' असंच सांगत राहते. मी पूर्वी त्या फाइलवर विश्वास ठेवून एक अख्खा दिवस घालवलाय.

पेंगुइनप्रेमी (दुपारी २.१५)

फार सुंदर समजावलंत. मग तात्पुरता उपाय म्हणून एन्जिनेक्समध्ये सायफरच्या यादीत फक्त चाचा२० ठेवला तर? एईएस वापरायचाच नाही, म्हणजे ती सूचना चालणारच नाही.

वीणा_डब्लिन (दुपारी ३.००)

हे करून पाहिलंय, पुरत नाही. ओपनएसएसएल १.१.१ पासून त्याचा स्वतःचा यादृच्छिक अंकांचा जनरेटर डिफॉल्टने एईएस-२५६ काउंटर मोडवर चालतो. हँडशेकमध्ये (जोडणी जुळवताना) सर्व्हरला स्वतःचे रँडम बाइट्स लागतातच, सायफर कुठलाही असो. शिवाय सेशन तिकिटं (जुनी जोडणी पुन्हा चटकन जुळवण्यासाठीची) एईएसनेच गुंडाळली जातात. म्हणजे यादीतून एईएस काढला तरी तो दोन मागच्या दारांनी आत येतो, आणि क्रॅश फक्त थोडा वेगळ्या जागी दिसतो. वेगळ्या जागी दिसला की माणूस आणखी भरकटतो.

खरं तर वाट दोनच: लायब्ररीला आधीच सांगून ठेवायचं की एईएसच्या सूचना वापरू नकोस, नाहीतर मायग्रेशननंतर प्रोसेस नव्याने एक्झेक करायची.

पहिल्यासाठी ओपनएसएसएलचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे: ओपनएसएसएल, अंडरस्कोर, मग आयए३२कॅप. पहिला शब्द मोठ्या अक्षरांत, दुसरा लहान अक्षरांत, टाइप करताना रोमनमध्ये. त्याच्या किमतीत टिल्डचं चिन्ह दिलं की पुढच्या आकड्यातले बिट तक्त्यातून पुसले जातात. एईएसचा बिट ५७ वा. म्हणजे टिल्ड, शून्य-एक्स, मग २ आणि त्यापुढे चौदा शून्यं. तुमच्या डिफमध्ये पीसीएलएमयूएलक्यूडीक्यू (एईएसच्या जोडीने वापरली जाणारी गुणाकाराची सूचना) हा शब्दही गायब असेल तर ३३ वा बिटही पुसा: २, पाच शून्यं, २, आठ शून्यं. शून्यं मोजून लिहा, एक कमी पडलं तर भलताच बिट जातो.

यात लोक कुठे चुकतात ते सांगते, कारण मीही तिथेच अडखळले होते. शेलमध्ये एक्स्पोर्ट करून सर्व्हिस रीस्टार्ट केली तर व्हेरिएबल पोचत नाही, कारण सिस्टमडी तुमच्या शेलचं वातावरण घेत नाही. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून सर्व्हिस विभागात एन्व्हायर्नमेंटची ओळ घाला. मग रीस्टार्ट. मग प्रॉकमध्ये त्या पीआयडीची एन्व्हायरन फाइल वाचून व्हेरिएबल खरंच तिथे आहे का ते बघा. लायब्ररीला काय समजलं हे 'ओपनएसएसएल इन्फो' ला सीपीयूसेटिंग्जचा पर्याय देऊन दिसतं, हे ३.० पासून आहे.

आणि हे मायग्रेशनच्या आधी करायचं आहे. चालू प्रोसेसला बाहेरून हे सांगता येत नाही.

पेंगुइनप्रेमी (दुपारी ३.२०)

धन्यवाद, जनरेटरचं माहीत नव्हतं. एक शंका: एईएसच्या सूचना बंद केल्या की टेबल बघून चालणारं जुनं एईएस वापरलं जाणार ना? त्यात कॅशच्या वेळेवरून किल्ली फुटण्याचा धोका असतो असं वाचलंय.

वीणा_डब्लिन (दुपारी ३.४५)

शंका रास्त आहे. पण मधे एक पायरी आहे. एसएसएसई३ असेल तर ओपनएसएसएल व्हेक्टर परम्यूटेशनवालं एईएस घेतं, त्यात मेमरीतल्या टेबलांमध्ये डोकावणं नाही, वेळ किल्लीवर अवलंबून नसते. एसएसएसई३ तुमच्या प्रोसेसरवर नक्की आहे. वेग मात्र चांगलाच पडतो, तो लोड टेस्ट करून बघा. म्हणूनच हा उपाय एका रात्रीपुरता म्हणतेय.

दुसरी वाट, एन्जिनेक्ससाठी. मास्टरला यूएसआर२ सिग्नल द्या. ऐकणारे सॉकेट हातात ठेवून तो नवा मास्टर एक्झेक करतो. नवा मास्टर सीपीयूआयडी नव्याने विचारतो. मग जुन्याला विंच (वर्कर थांबव) आणि नंतर क्विट (तू बंद हो) हे सिग्नल. पोर्ट एका क्षणासाठीही बंद होत नाही. हा रस्ता बायनरी अपग्रेडसाठी केलेला आहे, पण इथे अगदी चपखल बसतो. पोस्टग्रेसला असं काही नाही, त्याला रीस्टार्टच.

तांबडी_माती (संध्याकाळी ६.३०)

धाग्यात एक भर घालतो, कारण आमचा अनुभव याहून कडू आहे.

आमच्या व्हीएमची डिस्क आतून लक्सने एन्क्रिप्ट केलेली होती. तिथे एईएस गेस्टचं कर्नल करतं, आणि कर्नलनेही बूटच्या वेळी एईएस-एनआय मॉड्यूल निवडलेलं असतं. मायग्रेशन झालं आणि डिस्कवरच्या पहिल्याच लिखाणाला केक्रिप्टडीच्या वर्करमध्ये 'इन्व्हॅलिड ओपकोड' ऊप्स (कर्नलमधला क्रॅश). प्रोसेस मेली तर सिस्टमडी उठवतो. इथे डिस्कच गोठली. लॉगसुद्धा डिस्कवर लिहिला गेला नाही, कन्सोलच्या खिडकीवर दिसला तेवढाच, तोही मोबाइलने फोटो काढून ठेवला म्हणून हाती राहिला. परत मायग्रेट करूनही तो व्हीएम सावरला नाही, जबरदस्तीने बंद करावा लागला आणि मग दोन तास फाइलसिस्टम तपासणी.

वीणाताईंचं व्हेरिएबल कर्नलला लागू नाही, हे लक्षात घ्या. आयपीसेकचे (व्हीपीएनचे) बोगदे एईएसवर असतील तर त्यांचंही कर्नलमध्येच. त्याच व्हीएमच्या शेजारी वायरगार्ड (दुसऱ्या प्रकारचं व्हीपीएन) होता, तो चाचा२० वर चालतो, त्याला काही झालं नाही.

तेव्हा मायग्रेशनआधी गेस्टमध्ये प्रॉक-क्रिप्टो (कर्नलकडच्या एन्क्रिप्शन ड्रायव्हरची यादी) बघा. ड्रायव्हरच्या नावात एईएसएनआय असेल आणि ते कुणी वापरत असेल, तर तो व्हीएम हलवू नका. बंद करून दुसरीकडे चालू करा. दहा मिनिटं बंद राहिलेलं परवडतं.

कृष्णाकाठ (संध्याकाळी ७.०५)

तांबडी माती, वाचून अंगावर काटा आला. आमच्या एका व्हीएमवर लक्स आहे. तो काल रांगेत चौथा होता, त्याची पाळी आली नाही एवढंच.

कोठार (रात्री ९.४०)

जावा आणि गो वाल्यांसाठी: ओपनएसएसएलचं व्हेरिएबल यांच्यावर चालत नाही, कारण दोघांकडे स्वतःचं एईएस आहे.

हॉटस्पॉट जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं) सुरू होताना सीपीयूआयडी वाचून एईएसचे तुकडे मशीन कोडमध्ये तयार करून ठेवतं. मायग्रेशननंतर पडलं की एचएस-एर नावाने सुरू होणारी फाइल मागे राहते, तिच्यात सिगइल (म्हणजेच सिग्नल ४) लिहिलेलं असतं. बंद करायचं तर यूजएईएस आणि यूजएईएसइन्ट्रिन्सिक्स हे दोन्ही पर्याय वजा चिन्हाने द्यायचे.

गो मध्ये आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे: गो चा रनटाइम मॅपमधल्या (किल्ली-किंमत जोड्यांच्या तक्त्यातल्या) किल्ल्यांचा हॅश काढायलाही एईएसच्या सूचना वापरतो. म्हणजे प्रोग्राममध्ये टीएलएसचा मागमूस नसला तरी साध्या मॅपला हात लावला की सिग्नल ४. कृष्णाकाठ, तुमचा मॉनिटरिंगचा एजंट गो मध्ये लिहिलेला असणार, म्हणून तोही पडला. गो डीबगच्या व्हेरिएबलमध्ये सीपीयू-डॉट-एईएस ऑफ केलं की टीएलएस आणि मॅप दोन्ही सुधारतात.

दुसऱ्या एन्क्रिप्शन लायब्ररींचंही असंच: जीनूटीएलएसला जीनूटीएलएस-सीपीयूआयडी-ओव्हरराइड आहे, लिबजीक्रिप्टला ईटीसीखाली जीक्रिप्ट फोल्डरात एचडब्ल्यूएफ-डॉट-डिनाय ही फाइल. यादी लांबत जाते, आणि माझ्या मते तिथेच कळतं की प्रत्येक लायब्ररीच्या मागे धावणं हा रस्ता नाही. एका व्हीएममध्ये यातल्या चार-पाच सहज असतात. उपाय व्हीएमच्या सीपीयूच्या व्याख्येत करायला हवा.

बिटवाचक (रात्री १०.१५)

कोठारशी शंभर टक्के सहमत. खरी चूक 'होस्ट-पासथ्रू' इथे आहे.

पासथ्रूमध्ये व्हीएमच्या व्याख्येत इतकंच लिहिलेलं असतं की होस्टकडे जे असेल ते द्या. मायग्रेशनच्या वेळी लिबव्हर्ट पलीकडे काय तपासणार? कागदावर फ्लॅग्जची यादीच नाही. पलीकडचा होस्ट 'जे असेल ते' देतो आणि पुढे जातो. लिबव्हर्टच्या कागदपत्रांत हे स्पष्ट आहे की पासथ्रूने मायग्रेट करायचं तर दोन्ही बाजूंचं हार्डवेअर, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर), क्यूएमयू, सेटिंग सगळं सारखं हवं. 'एकच मॉडेल' म्हणजे 'सारखं' नव्हे, हे तुमच्या बायोसने दाखवलं.

होस्ट-मॉडेल किंवा नाव असलेलं मॉडेल घेतलं तर चालू व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक फ्लॅग नावानिशी लिहिला जातो. पलीकडे एखादा नसेल तर मायग्रेशन नाकारलं जातं. नाकारलेलं मायग्रेशन ही चांगली गोष्ट आहे, व्हीएम जागेवर चालू राहतो.

तिन्ही होस्टचं डोमकॅपॅबिलिटीजचं (होस्ट व्हीएमला काय देऊ शकतो त्याचं) आउटपुट एका फाइलमध्ये जोडा आणि विर्शच्या (लिबव्हर्टची कमांड) हायपरव्हायझर-सीपीयू-बेसलाइनला द्या. तिन्हींना झेपेल असा सीपीयू तो लिहून देतो. पण आधी बायोस सुधारा, नाहीतर बेसलाइनमधूनच एईएस गळेल आणि सगळे व्हीएम कायमचे मंदावतील.

व्याख्या बदलल्यावर व्हीएम आतून रीबूट करून भागत नाही. पूर्ण बंद, मग चालू. तेव्हाच नवा क्यूएमयू नव्या सीपीयूने उठतो.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ९.२५)

आम्ही व्हीएमवेअरवर आहोत. तिकडे हेच काम ईव्हीसी (क्लस्टरमधल्या सगळ्या होस्टना एकाच सीपीयू पातळीवर बांधणारी सोय) करतं, २००८ पासून आहे. क्लस्टरची पातळी वेस्टमेअर किंवा वरची असेल आणि एखाद्या होस्टच्या बायोसमध्ये एईएस बंद असेल, तर तो होस्ट क्लस्टरमध्ये घेतलाच जात नाही. पूर्वी मी याला कटकट म्हणायचो. पण ईव्हीसी बंद ठेवलेले क्लस्टर पुष्कळ आहेत, 'सगळे होस्ट सारखेच आहेत, कशाला हवंय' म्हणून. तुमचा धागा आमच्या टीममध्ये पाठवलाय.

प्रॉक्समॉक्सवाल्यांनी (तेही केव्हीएमवरच चालतं) पण बघा. आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, नव्या व्हीएमचा डिफॉल्ट एक्स८६-६४-व्ही२-एईएस आहे, तो सुरक्षित. लोक वेगासाठी तो बदलून 'होस्ट' करतात आणि मायग्रेशन विसरतात. त्याआधीच्या केव्हीएम६४ मध्ये एईएसच नव्हता, आणि आरएचईएल ९ सारखे नवे गेस्ट त्यावर बूटही होत नाहीत, तेव्हा त्या टोकालाही जाऊ नका.

कृष्णाकाठ (पुढच्या सोमवारी, दुपारी ४.५०)

सगळं क्रमाने लिहितो, पुढे कुणाला लागलं तर.

बुधवारी रात्री तिसरा नोड रिकामा करून बायोसमध्ये गेलो. प्रोसेसरच्या पानावर खालून तिसरी ओळ, एईएस-एनआय, डिसेबल्ड. स्क्रीनकडे बघत थोडा वेळ नुसता बसून राहिलो. ज्या माणसाने बोर्ड बदलला त्याचा दोष धरत नाही, आम्हीच त्यानंतर पहिल्या दोन नोडशी ताडून बघितलं नव्हतं.

पण ती ओळ लगेच बदलली नाही. आधी एक चाचणीचा व्हीएम पहिल्या नोडवर होस्ट-मॉडेलने उठवला आणि तिसऱ्यावर लाइव्ह मायग्रेट करून पाहिला. लिबव्हर्टने नकार दिला: गेस्ट सीपीयू वर्णनाशी जुळत नाही, नसलेली फीचर्स: एईएस. हीच ओळ त्या रविवारी रात्री हवी होती. मग तोच व्हीएम पासथ्रूने उठवला, आत एन्जिनेक्स, आणि परत मायग्रेट केला. गेला, आणि पहिल्या कर्लला (चाचणीच्या वेब विनंतीला) वर्कर सिग्नल ४. वीणाताईंचा यूएसआर२ तिथेच करून बघितला. नव्या मास्टरचे वर्कर टिकले, पोर्ट उघडंच राहिलं. व्हेरिएबलही तपासलं, चौदा शून्यं बोटाने मोजून. ते लावून सुरू केलेला एन्जिनेक्स मायग्रेशननंतर हललाही नाही.

त्यानंतर बायोस सुधारला, तिन्ही नोडची बायोस सेटिंग आणि मायक्रोकोड ओळीने ताडले, बेसलाइन काढली. शनिवारी रात्री पतसंस्थांना आधी कळवून एकेक व्हीएम पूर्ण बंद करून नव्या व्याख्येने उठवला.

एका पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्यांचा त्या सोमवारी सकाळी फोन आला होता. काउंटरवर आजी पैसे काढायला उभ्या होत्या आणि पासबुक छापत नव्हतं. तो फोन डोक्यातून जात नव्हता, म्हणून एवढी तपासणी केली.

बिटवाचक, वीणाताई, तांबडी माती, कोठार, मनापासून आभार.

नवा_नोड (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. आमच्याकडे कॅस्केड लेकचे (इंटेलच्या जुन्या पिढीचा सर्व्हर प्रोसेसर) तीन नोड आहेत, आता सॅफायर रॅपिड्सचे (त्यानंतरची पिढी) दोन येताहेत. सगळे एका क्लस्टरमध्ये ठेवून व्हीएम इकडून तिकडे हलवायचे आहेत. पासथ्रू टाळायचं हे कळलं. पण नव्या प्रोसेसरचा एन्क्रिप्शनचा वेग मग वायाच जाणार का?

बिटवाचक (दुसऱ्या दिवशी)

जो व्हीएम दोन्हीकडे जायला हवा, त्याच्यापुरता हो. त्याला कॅस्केडलेक-सर्व्हर-नोटीएसएक्स द्या. नव्या नोडवरच्या व्हीएईएस, एसएचए वगैरे सूचना त्याला दिसणार नाहीत, ओपनएसएसएल ३.१ मध्ये एईएसच्या जीसीएम मोडसाठी आलेला एव्हीएक्स-५१२ आणि व्हीएईएसचा वेगवान मार्ग त्याला मिळणार नाही. साधं एईएस-एनआय मात्र आहेच, आणि बहुतेक वेब सर्व्हरना ते पुरून उरतं. ज्या एक-दोन व्हीएमना खरंच वेग हवा, म्हणजे व्हीपीएन गेटवे किंवा बॅकअप एन्क्रिप्ट करणारं मशीन, ते नव्या दोन नोडपुरते बांधून वेगळं मॉडेल द्या.

टीएसएक्स (इंटेलच्या ट्रान्झॅक्शनल मेमरीच्या सूचना) नसलेलं मॉडेल मुद्दाम सांगतोय. २०१४ मध्ये हॅसवेलच्या मायक्रोकोडने टीएसएक्स बंद केलं तेव्हा चालू मशीनवर तो मायक्रोकोड चढवणाऱ्यांच्या प्रोसेस ग्लिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) म्यूटेक्समध्ये (कुलूप लावणाऱ्या कोडमध्ये) अशाच सिग्नल ४ ने पडल्या होत्या. तिथे मायग्रेशनही नव्हतं, तक्ता जुना आणि प्रोसेसर नवा एवढंच. जी सूचना मायक्रोकोडने जाऊ शकते ती व्हीएमला न दिलेली बरी.

आणि तुमच्या बाबतीत पासथ्रूचा परिणाम कृष्णाकाठसारखा 'एक लायब्ररी पडली' इतका सौम्य नसेल. नव्या प्रोसेसरवर पाच पातळ्यांचं पेजिंग (मेमरीचे पत्ते शोधण्याची पद्धत) आहे, एएमएक्सची (मॅट्रिक्स गणिताची) रजिस्टरं आहेत. गेस्टने ते वापरायला घेतलं आणि तुम्ही त्याला कॅस्केड लेकवर ढकललं, तर प्रोसेसरची स्थितीच पलीकडे भरता येत नाही. मायग्रेशन फसलं तर नशीब, नाहीतर अख्खा व्हीएम जागच्या जागी गोठतो, आणि लॉगमध्ये लिबक्रिप्टोचं नावसुद्धा येत नाही.

कृष्णाकाठ (त्याच दिवशी, रात्री)

नवा नोड, नवे सर्व्हर रॅकमध्ये चढवण्याआधी त्यांच्या फ्लॅग्जची ओळ काढून ठेवा. मी तिन्ही होस्टवर रोज पहाटे पाचला ती ओळ, मायक्रोकोडचा क्रमांक आणि बायोसची आवृत्ती एका फाइलमध्ये लिहिणारा क्रॉन लावलाय. कालच्या फाइलशी किंवा शेजारच्या नोडशी फरक दिसला की मेल येतो. वीस ओळींची स्क्रिप्ट आहे, हवी असेल तर व्यनि करा, पाठवतो.

यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या आठवड्यात बदलल्या. पहिल्या नोडवरचे नऊ व्हीएम तिसऱ्यावर नेले, दुपारी दोन वाजता, काउंटर चालू असताना. लक्सवालाही त्यात होता.